न धुतलेलं कापड

कृतिकानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या यादीत नऊ गोष्टी होत्या आणि विनितानं नऊच्या नऊ जमवल्या. लशींचं पुस्तक, पट्टा, खाण्याचा डबा, पाण्याचं रोजचं भांडं, गोचिडांचं औषध, असं सगळं. शेवटची ओळ होती, ‘घरच्या माणसाचं वापरलेलं, न धुतलेलं एखादं कापड.’ विनितानं आपल्या पांघरायच्या चादरींतली एक काढली, गरम पाण्यात भिजवली, जंतुनाशकाचं एक झाकण टाकून धुतली, वाळवली, इस्त्री केली आणि घडी करून पिशवीत सगळ्यांत वर ठेवली.

ओळ वाचली नव्हती असं नाही. चौतीस वर्षं डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत तिनं नोकरी केली होती. लिहिलेलं जसंच्या तसं करायचं हेच तिचं काम होतं. पण मळकं कापड परक्याच्या घरी पाठवायचं हे तिच्या हातांना पटलं नाही. डोक्याला न विचारता हातांनी ते धुऊन टाकलं.

कार्बन दोन दिवस उपाशी राहिला.

तो चाचणीचा मुक्काम होता. खरा मुक्काम तीन आठवड्यांचा असणार होता. विनिताच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलायची होती. ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे ढकलून झाली होती आणि आता बारा फेब्रुवारी ठरली होती. ठाण्यातल्या हॉस्पिटलातून ती भाच्याकडे, साईनाथकडे, बाळकुमला जाणार होती, कारण डोंबिवलीचं तिचं घर दुसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. साईनाथनं रजा टाकली होती. त्याच्या बायकोनं, रुचितानं, आत्यांसाठी खोली रिकामी केली होती. फक्त घरात तीन महिन्यांचं बाळ होतं, तेव्हा कुत्रा नको एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि त्यात काही गैर आहे असं विनितालाही वाटलं नाही.

कुणीतरी आंबिवलीच्या कृतिकाचं नाव सुचवलं. स्टेशनपासून रिक्षानं दहा मिनिटांवर तिच्या आजोबांची भाताची जमीन होती. त्यातली बरीचशी आता इमारतींखाली गेली होती आणि उरलेल्या तुकड्यावर कृतिकानं पत्र्याचे बारा गाळे बांधून कुत्र्यांची राहायची सोय केली होती. पोरगी जनावरांच्या दवाखान्यात काम करून शिकली होती, आणि बोलायला मोकळी होती. दोन दिवसांनी फोन करून तिनं सांगितलं, कार्बन पाणी पितोय पण खाण्याकडे बघत नाहीये. मग विचारलं, ती चादर नवीन आहे का?

विनितानं खरं ते सांगितलं.

“काकू,” कृतिका हसत म्हणाली, “तुम्ही तर कोरा पेपर दिलात.”

ऑपरेशनला अजून तीन आठवडे होते. दुसऱ्या चाचणीसाठी विनितानं एक जुना दुपट्टा चार रात्री गळ्याभोवती गुंडाळून झोपायचं ठरवलं आणि झोपली. चौथ्या दिवशी तिला त्या दुपट्ट्याची शिसारी आली. आली तीही अंदाजानंच. नाकाला काहीच कळत नव्हतं. गेल्या जूनपासून विनिताला वास येत नव्हता. कसलाच. साधा ताप आला, सर्दी झाली, दोन्ही गेली आणि जाताना वास घेऊन गेली. कानानाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नाकातल्या नसा पुन्हा वाढतात, पण सावकाश. वर्ष लागेल, कदाचित दीड. तोवर सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, निलगिरी आणि गुलाब असं चार बाटल्यांतून हुंगायचं, म्हणजे मेंदूला सवय राहते. विनिता ते नेमानं करत होती आणि वहीत शून्य ते दहा असे आकडे मांडत होती. सात महिने पानंच्या पानं शून्यं. फक्त डिसेंबरच्या तीन तारखेला, लवंगेसमोर, एक ‘१’ होता आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह.

कार्बन तिचा कुत्रा नव्हता. तो ताईचा होता.

कलावती विनिताहून नऊ वर्षांनी मोठी. आंबिवलीजवळ मोहने गावातल्या कारखान्यात टायपिस्ट होती. वडील लवकर गेले तेव्हा घर तिनं उचललं, भावाला मार्गी लावलं, विनिताला एम.एस्सी. करवलं आणि या सगळ्यात स्वतःचं लग्न करायचं राहिलं. विनिताचंही मग राहूनच गेलं. कारखाना बंद पडल्यावर ताई डोंबिवलीला आली आणि दोघी बहिणी शेवटपर्यंत एकत्र राहिल्या. नऊ वर्षांपूर्वी ताई मोहन्याच्या जुन्या वसाहतीत कुणा मैत्रिणीला भेटायला गेली आणि भाजीच्या पिशवीत एक काळंकुळकुळीत पिल्लू घेऊन परतली. त्याचं नाव कार्बन ठेवायचं यावर दोघींचं लगेच एकमत झालं. विनिताला वाटलं, आपल्या रसायनशास्त्राचा मान राखला. ताईच्या मनात मात्र टंकलेखनाच्या कागदांमध्ये घालायचा तो काळा कागद होता. हे कळायला एक वर्ष लागलं, आणि कळलं तेव्हा दोघी जेवता जेवता इतक्या हसल्या की कार्बन घाबरून पलंगाखाली गेला.

गेल्या एप्रिलात ताई गेली. सकाळी छातीत कळ आली तेव्हा हॉस्पिटलात जायचं म्हणून तिनं गाऊन काढून साडी नेसली आणि गाऊन न्हाणीघराच्या दारामागच्या खुंटीवर अडकवला. तेराव्यानंतर साड्या वाटल्या गेल्या, चादरी-उशा धुतल्या गेल्या. त्या खुंटीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पंधराव्या दिवशी विनितानं दार लावलं आणि समोर तो गाऊन दिसला. जांभळा, बारीक फुलांचा, कोपरापाशी विटलेला.

तिनं त्यात तोंड खुपसलं. खोबरेल तेल, गुडघ्याला चोळायच्या तेलाचा उग्र दर्प, ताई चोरून ओढायची त्या तपकिरीचा एक कण, आणि या सगळ्याखाली ते, ज्याला नाव नाही. यातल्या प्रत्येक वासाचं रासायनिक नाव विनिताला ठाऊक होतं, फक्त त्या शेवटच्याचं नव्हतं. आणि तिथंच तिच्यातली प्रयोगशाळा जागी झाली. वास म्हणजे पदार्थच, हवेत उडून जाणारा. जितका घ्याल तितका संपतो. तिनं दुसरा श्वास घेतला नाही. नमुने ठेवायच्या, आतून चंदेरी अस्तराच्या दोन-चार पिशव्या घरात पडून होत्या. गाऊन हलक्या हातानं गुंडाळून तिनं एका पिशवीत घातला, तोंड इस्त्रीनं चिकटवलं, वर तारीख लिहिली आणि कपाटात ठेवला. पुढे कधीतरी, अगदीच असह्य झालं की उघडायचा. एकच श्वास घेतला होता तिनं. बाकीचे शिल्लक टाकले होते. सहा आठवड्यांनी तिचं नाक गेलं.

दुपट्टा घेऊन कार्बन दुसऱ्यांदा आंबिवलीला गेला. या खेपेला विनिता स्वतः थांबली, गाळ्यांपासून लांब, ओटीवर, कृतिकाच्या आजीशेजारी. कार्बननं दुपट्टा हुंगला, ओळख पटल्यासारखी शेपटी दोनदा हलवली, आणि भिंतीकडे तोंड करून बसला. खाण्याचे दोन घास घेतले, ते बहुधा कृतिकाची समजूत काढायला. सखुबाई हे सगळं खाटेवरून बघत होती. ऐंशीच्या पुढची म्हातारी, कानाला कमी, डोळ्याला लख्ख.

“त्याला मानूस पायजे गो बाय,” ती दुपट्ट्याकडे बोट करत म्हणाली. “कापराला काय करल तो?”

कृतिका हात पुसत आली आणि समोर बसली. ती आता हसत नव्हती. कार्बन नऊ वर्षांचा आहे, तिनं सांगितलं, दोन दिवस उपास ठीक, तीन आठवडे नाही. सलाईन लावून कुत्रा ठेवणं हे काही आपलं काम नाही, आणि त्याचं काही झालं तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही. मग तिनं विचारलं, घरी तो कसा खातो? नीट खातो, विनिता म्हणाली, ताई गेल्यापासून माझ्याच हातचं. हे सांगताना तिला थोडा अभिमान वाटला. ताई गेल्यावर दीड महिना तो दाराशी बसून असायचा. मग एक दिवस उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन झोपला. ते आपण जिंकलं असं विनिता मानत आली होती.

“तुमच्या हातचं असेल काकू, पण घर ताईंचं ना,” कृतिका म्हणाली. “भिंती, खुर्च्या, पलंग, सगळीकडे त्याला त्यांचा वास येत असेल. म्हणून खातो. इथं त्याला त्या कुठेच नाहीत.” मग म्हणाली, “त्यांचं काही आहे का हो? एखादी साडी, रुमाल? न धुतलेलं?”

“नाही,” विनिता म्हणाली. “सगळं वाटलं.”

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. घरी येईपर्यंत तिचे कान गरम होते.

त्या आठवड्यात साईनाथचा दोनदा फोन आला. तो समजूतदार मुलगा, त्यानं कुठेही जोर केला नाही. तारीख तिसऱ्यांदा पुढे ढकलली तर डॉक्टर पुन्हा कधी देतील सांगता येत नाही, एवढं त्यानं म्हटलं. गुडघ्याचा फोटो त्यानंही पाहिला होता, हाडावर हाड आलं होतं. पनवेलजवळ एक आश्रम आहे, तिथं म्हातारी कुत्री कायमची ठेवून घेतात, असं रुचितानं कुठेतरी वाचलं होतं. विनितानं ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर जिना उतरून कार्बनला फिरवून आणलं. जाताना सत्तावीस पायऱ्या, येताना सत्तावीस, प्रत्येक पायरीवर कठडा धरून. कार्बन प्रत्येक पायरीवर थांबून वळून बघत होता. एवढं ताईनंच त्याला शिकवलं होतं, तिचेही गुडघे तसेच होते.

पाच तारखेला दुपारी तिनं पिशवी कपाटातून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि शेजारी कात्री ठेवली.

नाक परत येईल, डॉक्टर म्हणाले होते. कदाचित जूनमध्ये, कदाचित दिवाळीत. डिसेंबरच्या त्या एका आकड्याचं प्रश्नचिन्ह तिनं मनातल्या मनात कितीदा तरी पुसलं होतं. पिशवी बंद राहिली तर नाक आल्याच्या दिवशी ती उघडता येईल आणि ताई एकदा, भरभरून, मिळेल. आज उघडली तर पुन्हा बंद करूनही उपयोग नाही. पिशवीही काही अमर नव्हती म्हणा, कुठल्याही पिशवीतून थोडं थोडं झिरपतंच. आत काही उरलंय की नाही हे तिला आतासुद्धा सांगता येणार नव्हतं. नऊ महिने ती कदाचित नुसतं कापड सांभाळत असेल.

मग तिला प्रयोगशाळेतली रीत आठवली. आलेला नमुना कधी सगळा वापरायचा नाही. अर्धा तपासायला, अर्धा राखीव. गाऊनचे दोन भाग करायचे, एक कार्बनला द्यायचा, एक लगेच बंद. तिनं दुसरी पिशवी आणली, इस्त्री तापत ठेवली. सगळं हाताशी घेतलं, म्हणजे गाऊन उघड्या हवेत अर्धा मिनिटही राहायला नको.

कार्बन आतल्या खोलीत झोपला होता. तिनं पिशवीचं एक टोक कापलं, बोटभर, आणि गाऊनला अजून हातही लावला नव्हता तेव्हा आतून नखांचा आवाज आला. तो दारात उभा राहिला. कान उभे, मान पुढे. भुंकला नाही, धावत आला नाही. एकेक पाऊल टाकत टेबलापाशी आला आणि थरथरू लागला, शेपटीपासून खांद्यापर्यंत.

म्हणजे होतं. ताई होती आत.

तिनं गाऊन काढून जमिनीवर पसरला. कार्बन तपासायला लागला, आणि विनिता बघत राहिली, कारण असं नीट काम तिनं फार थोड्या माणसांचं पाहिलं होतं. खालच्या घेराला त्यानं नाक लावलं आणि सोडून दिलं. एका बाहीवरून झरकन गेला. काखेपाशी थांबला, बराच वेळ. मग उजव्या खिशात नाक घातलं, जिथं तपकिरीची डबी असायची, आणि शिंकला. शेवटी गळ्यापाशी आला, जिथं ताईचे केस टेकायचे, तिथं त्यानं नाक खोल खुपसलं आणि डोळे मिटले.

विनिता गुडघा सांभाळत खाली बसली, शेजारी वाकली आणि गळ्याच्या दुसऱ्या बाजूला नाक लावलं. सुती कापड. थोडं गार, थोडं खरखरीत. बस. तिनं पुन्हा श्वास घेतला, छाती भरून, मग पुन्हा. या वेळी तिनं एकही श्वास राखून ठेवला नाही. तिच्या गालापासून चार बोटांवर कार्बनचं नाक फुरफुरत होतं. ताई त्याच्यात जात होती, आणि तिच्यात नुसती हवा.

“कशी आहे रे?” तिनं विचारलं.

कार्बन उठला आणि मुख्य दारापाशी गेला. फटीला नाक लावून उभा राहिला, शेपटी हळूहळू हलवत. एप्रिल-मे महिन्यात असायचा तसा. विनितानं त्याला हाक मारली, तो हलला नाही. शेवटी ती टेबल धरून उठली आणि तिनं दार उघडलं. जिना रिकामा होता, खालून कुणाच्या तरी कुकरची शिटी येत होती. कार्बननं पहिली पायरी हुंगली, कठडा हुंगला, थोडा वेळ खाली बघत राहिला. मग आपणच वळून आत आला, गाऊनवर तीन गिरक्या घेतल्या आणि अंग टाकलं.

इस्त्री तापून बसली होती. विनितानं तिची पिन काढली. नमुन्याचे दोन भाग करायचे तर तो सगळीकडे सारखा असावा लागतो, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही शिकवतात. इथं खिशात वेगळं होतं, काखेत वेगळं, गळ्यात वेगळं. कुठून कापलं असतं तिनं? कात्री खणात गेली.

अकरा तारखेला ती कार्बनला घेऊन आंबिवलीला पोचली. यादीतलं सगळं पिशवीत होतं. गाऊन मात्र तिनं मांडीवर धरला होता. कृतिकानं तो पाहिला आणि काही विचारलं नाही. गाळ्यात पसरताना फक्त म्हणाली, “तीन आठवड्यांत याला नुसता कुत्र्याचा वास राहील, काकू. परत देईन तेव्हा ताईंचं काही नसेल त्यात.”

“माहीत आहे मला,” विनिता म्हणाली. “धुऊ मात्र नकोस.”

कार्बन गाऊनवर बसला, पुढचे पाय त्याच्या गळ्यावर टाकले आणि हनुवटी टेकली. विनिता निघाली तेव्हा त्यानं मान उचलली नाही. यासाठीच तर सगळं केलं होतं. तरी फाटकापर्यंत ती दोनदा थांबली.

ऑपरेशन नीट झालं. बाळकुमच्या चौदाव्या मजल्यावरून खाडीचा एक तुकडा दिसायचा. तो बघत विनिता वॉकर धरून दिवाणखान्यात फेऱ्या मारायची. बाळ रडायचं, रुचिता तिला सूप आणून द्यायची, साईनाथ औषधांच्या वेळा विचारून विचारून भंडावायचा. रोज संध्याकाळी साडेसातला कृतिकाचा फोन यायचा. पहिल्या दिवशी अर्धी वाटी, दुसऱ्या दिवशी पाऊण, चौथ्या दिवसापासून पूर्ण. पण विनिताचे प्रश्न तिथं संपत नसत. जेवायच्या आधी काय करतो? वास घेतो, कृतिका सांगायची. कुठे लावतो नाक? किती वेळ? कृतिकाला आधी याची गंमत वाटली, मग तीही बारकाईनं बघायला लागली. आज गळ्याशी दहा-बारा सेकंद, काकू. आज आधी खिसा, मग गळा. डोळे मिटतो का? मिटतो. विनिता डोळे मिटून ऐकायची. दहा-बारा सेकंदांचे सहा-सात झाले, मग खिसा सुटला. पुढच्या आठवड्यात तो नाक नुसतं टेकवून उचलू लागला.

सोळाव्या दिवशी कृतिकाचा आवाज फुललेला होता.

“काकू, आज एकदम बेस्ट झालं. आज त्यानं वास घेतलाच नाही. वाटी ठेवली आणि सरळ येऊन जेवला, माझ्या हातातनं पण खाल्लं. आता रुळला बघा तो. आता त्याला त्या गाऊनची गरज नाही.”

विनितानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“काकू? ऐकू येतंय ना?”

“येतंय,” विनिता म्हणाली. “किती वाजता जेवला?”

“सव्वासातला.”

तिनं बरं म्हटलं, कृतिकाचे आभार मानले, सखुबाईंची चौकशी केली आणि फोन ठेवला. खाडीवर अंधार पडला होता. रुचिता बाळाला खांद्यावर घेऊन दारात आली आणि आत्यांचा चेहरा पाहून थांबली. काय झालं, तिनं विचारलं.

“कार्बन जेवला,” विनिता म्हणाली.